यीस्टमध्ये जनुक सुरू कसं होतं? प्रथिन-संकुलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या मुलांना जनुक-नियंत्रण शिकवताना दरवर्षी जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पाठ्यपुस्तकातली आकृती बहुतेकांना पाठ असते. तिच्यातला प्रत्येक गोळा तिथे कशासाठी आहे, हे विचारलं की गाडी अडते. म्हणून इथे भर 'का'वर आहे. उदाहरणं बहुतेक सगळी एकाच जिवाची, सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टची. पाव फुगवणारं यीस्ट ते हेच. गोव्यात पोदेर (पाववाले) पूर्वी माडाच्या सुरेनं पीठ आंबवायचे, त्या सुरेतही हे सापडतं.

'जनुक सुरू होणं' म्हणजे नेमकं काय होणं?

डीएनएवरचा मजकूर आरएनएमध्ये उतरवून घेण्याला प्रतिलेखन म्हणतात. हे काम आरएनए पॉलिमरेज हे विकर करतं. केंद्रक असलेल्या पेशींत अशी तीन पॉलिमरेज असतात, हे १९६९ मध्ये रोडर आणि रटर यांनी दाखवलं. प्रथिनांचे आराखडे वाहणारा आरएनए दुसरं पॉलिमरेज बनवतं, म्हणून इथे फक्त 'पॉल टू'बद्दल बोलू. त्याने जनुकाच्या तोंडाशी येऊन बसणं, डीएनएचे दोन धागे तिथे उलगडणं, पहिली काही अक्षरं जोडली जाणं आणि मग तिथून सुटून पुढे धावणं, एवढा सगळा टप्पा म्हणजे सुरुवात. पेशी बहुतेक निर्णय इथेच घेते. एकदा आरएनए बनवायला घेतला की ऊर्जा खर्च होऊ लागते, त्यामुळे 'हे जनुक आत्ता हवं का?' हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

पॉल टू एवढं मोठं विकर, मग त्याला बाकीच्यांची गरज का?

यीस्टचं पॉल टू १२ प्रथिनांचं आहे. त्याची रचना अणूंच्या पातळीवर २००१ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने उलगडली आणि २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. एवढं असूनही हे विकर स्वतःहून जनुकाचं तोंड शोधू शकत नाही, आणि दुपदरी डीएनए स्वतःहून उलगडून कामाला लागूही शकत नाही. ई. कोलाय जिवाणूत पॉलिमरेजला सिग्मा नावाचं एक जोडप्रथिन पुरतं. यीस्टमध्ये त्या एका प्रथिनाचं काम टीएफटूए, बी, डी, ई, एफ आणि एच अशा सहा घटकांत वाटलेलं आहे, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी आणखी मोठी संकुलं वेगळीच.

हा फापटपसारा का, असं मुलं विचारतात. माझ्या मते उत्तर त्या पसाऱ्यातच आहे. काम जितक्या हातांत वाटलेलं, तितक्या ठिकाणी ते रोखता किंवा रेटता येतं. यीस्टची सुमारे ६,००० जनुकं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रमाणात चालवायची तर एका कळीवर भागणार नाही.

टाटा बॉक्स नसलेली जनुकं सुरू होतात का?

होतात, आणि यीस्टमध्ये बहुसंख्य जनुकं तशीच आहेत. टी-ए-टी-ए अशा अक्षरांचा ठरावीक तुकडा साधारण २० टक्के जनुकांच्याच प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुकाच्या तोंडाशी असलेल्या डीएनएच्या पट्ट्यात, सापडतो. गंमत अशी की या तुकड्याला पकडणारं प्रथिन, म्हणजे टीबीपी, मात्र सगळ्याच जनुकांना लागतं. तुकडा असो वा नसो, टीबीपी आल्याशिवाय पुढचं काही होत नाही. घोड्याच्या खोगिरासारखं ते डीएनएवर बसतं आणि डीएनएला जवळजवळ काटकोनात वाकवतं. तो बाक म्हणजे पुढच्यांसाठी बसायची जागा. तेव्हा सुरुवातीच्या नियंत्रणाचा एक मोठा भाग या एका प्रश्नावर येऊन थांबतो: टीबीपीला तिथे कोण आणून सोडतं, आणि कोण उठवतं?

घटक कुठल्या क्रमाने येतात?

परीक्षानळीत दिसलेला क्रम असा: आधी टीबीपी (हे टीएफटूडीचाच भाग), सोबत टीएफटूए, मग टीएफटूबी, मग टीएफटूएफला बरोबर घेऊन पॉल टू, त्यानंतर टीएफटूई आणि शेवटी टीएफटूएच. हा शेवटचा घटक १० प्रथिनांचा आहे आणि खरी ताकदीची कामं त्याची. त्यातलं एसएसएल२ हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून डीएनए पॉलिमरेजच्या खाचेत ढकलतं, त्या ताणाने धागे सुटे होतात. त्यातलंच किन२८ पॉल टूच्या शेपटीवर फॉस्फेट चढवतं. ही शेपटी सात अमिनो आम्लांच्या एकाच तुकड्याची माळ असते. यीस्टमध्ये तिचे २६ तुकडे, माणसात ५२.

एसटीची बस प्रवासी भरूनही उभीच असते. कंडक्टरने डबल बेल दिली की हलते. किन२८ ने चढवलेले फॉस्फेट तसे आहेत. ते चढले की शेपटी जुन्या सोबत्यांना सोडते आणि आरएनएला टोपी चढवणाऱ्या विकरांना जवळ करते.

यीस्टची एक खास सवयही इथेच लक्षात घ्या. माणसात टाटा बॉक्सपासून साधारण ३० अक्षरं पुढे आरएनए सुरू होतो. या यीस्टमध्ये पॉलिमरेज डीएनए चाचपत पुढे जातं आणि ४० ते १२० अक्षरांच्या पट्ट्यात योग्य जागा निवडतं. दुसरं प्रसिद्ध यीस्ट, स्किझोसॅकॅरोमायसीस पॉम्बे, या बाबतीत माणसासारखं वागतं. 'यीस्टमध्ये असं असतं' असं लिहिताना कुठलं यीस्ट ते लिहा. उत्तरपत्रिकांत ही चूक मला दरवर्षी दिसते.

एखादं जनुक गरजेपुरतंच कसं चालू होतं? एक उदाहरण सविस्तर द्याल का?

गॅलॅक्टोजचं उदाहरण देतो. चाळीसहून अधिक वर्षं त्यावर काम होतंय आणि अजून त्यात रस उरला आहे.

यीस्टला ग्लुकोज सगळ्यात प्रिय. ग्लुकोज नसेल आणि गॅलॅक्टोज असेल, तर ते पचवण्यासाठी गॅल१, गॅल७, गॅल१० ही जनुकं लागतात. गॅल१ आणि गॅल१० एकमेकांकडे पाठ करून बसलेली आहेत आणि मधल्या पट्ट्यात गॅल४ या प्रथिनाला पकडायच्या चार जागा आहेत. प्रत्येक जागा १७ अक्षरांची, आणि गॅल४ जोडीनेच बसतं.

आता तीन परिस्थिती पाहा. रॅफिनोजसारखी शर्करा असेल, म्हणजे ग्लुकोजचा मारा नाही आणि गॅलॅक्टोजही नाही, तर गॅल४ डीएनएवर बसलेलं असतं पण गप्प असतं. कारण गॅल८० हे दुसरं प्रथिन त्याचं कामाचं टोक झाकून बसतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल३ त्याला आणि एटीपीला पकडतं, मग गॅल८० ला धरतं, आणि गॅल४ चं टोक मोकळं होतं. गॅल१ चा आरएनए सुमारे हजार पटींनी वाढतो. गॅल३ भरमसाट बनवलं तर गॅलॅक्टोज नसतानाही जनुकं सुरू होतात, हे पी. जे. भट आणि जेम्स हॉपर यांनी १९९२ मध्ये दाखवलं. भट यांनी पुढे पवईच्या आयआयटीत याच यंत्रणेवर अनेक वर्षं काम केलं.

तिसरी परिस्थिती ग्लुकोजची. तेव्हा एमआयजी१ हे प्रथिन प्रमोटरवर येतं आणि टप१-सायसी८ या दडपणाऱ्या संकुलाला बोलावून घेतं. गॅल४ चं स्वतःचं जनुकही एमआयजी१ दाबून ठेवतं, त्यामुळे गॅल४ चीच टंचाई होते. ग्लुकोज संपलं की एसएनएफ१ हे विकर एमआयजी१ वर फॉस्फेट चढवतं आणि एमआयजी१ केंद्रकाबाहेर जातं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, तरी पहिल्याच प्रयोगात फसलो. ग्लुकोजमध्ये रात्रभर वाढवलेल्या पेशी धुऊन सरळ गॅलॅक्टोजमध्ये टाकल्या आणि दर दहा मिनिटांनी नमुने घेत बसलो. तासभर काही नाही, दोन तास काही नाही. चोवीस नळ्या वाया. पुढच्या वेळी त्याच पेशी आधी रॅफिनोजमध्ये वाढवल्या, तेव्हा काही मिनिटांतच आरएनए दिसू लागला. दोन वेळच्या पेशींत जनुकं तीच होती, गॅलॅक्टोजची बाटलीही तीच. फरक एवढाच की रॅफिनोजमध्ये गॅल४ जागेवर बसून वाट पाहत होतं.

गॅल४ मोकळं झालं, पण ते पॉलिमरेजला कसं सांगतं?

गॅल४ चे दोन भाग सुटे करता येतात: एक डीएनए पकडणारा, दुसरा जनुक चालू करणारा. रॉजर ब्रेंट आणि मार्क टॅश्नी यांनी १९८५ मध्ये चालू करणारा भाग कापून जिवाणूच्या लेक्सए या डीएनए पकडणाऱ्या प्रथिनाला जोडला. लेक्सएची जागा प्रमोटरपाशी ठेवली, आणि यीस्टमध्ये जनुक सुरू झालं. म्हणजे पत्ता शोधणं हे एक काम आणि हाक मारणं हे दुसरं.

हाक कोणाला? याचा सुगावा एका विचित्र निरीक्षणातून लागला. १९८८ मध्ये गिल आणि टॅश्नी यांना दिसलं की पेशीत गॅल४ प्रमाणाबाहेर वाढवलं तर ज्या जनुकांशी त्याचा काही संबंध नाही तीही मंदावतात. चालू करणारं प्रथिन जास्त झालं तर काम वाढायला हवं, इथे उलटं! याचा सरळ अर्थ असा की गॅल४ ज्याला हाक मारतं तो कुणीतरी मोजकाच आहे आणि इतर जनुकांनाही तोच लागतो. मोकळ्या गॅल४ नी त्याला अडवून धरलं की बाकीच्यांच्या वाट्याला तो येत नाही.

कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने हाच धागा परीक्षानळीत पकडला. शुद्ध पॉल टू आणि शुद्ध घटक एकत्र केले तर आरएनए बनायचा, पण चालू करणाऱ्या प्रथिनाला दाद मिळायची नाही. यीस्टच्या अर्कातला एक भाग मिसळला की दाद मिळायची. १९९० मध्ये त्या भागाला त्यांनी 'मीडिएटर' म्हणजे मध्यस्थ असं नाव दिलं आणि १९९४ पर्यंत तो शुद्ध करून दाखवला. यीस्टचा मीडिएटर २५ प्रथिनांचा आहे. डोकं, मधला भाग, शेपूट आणि एक सुटा होणारा किनेज (फॉस्फेट चढवणारा) भाग अशी त्याची मांडणी असते. मीडिएटरच्या या शेपटीला गॅल४ सारखी प्रथिनं चिकटतात, डोकं आणि मधला भाग पॉल टूला धरतात. किनेज भाग जोडलेला असेल तर पॉल टूला मीडिएटरपाशी जागा मिळत नाही.

मध्यस्थाने माणूस आणून उभा केला की काम होतं, की वर आणखी काही मंत्र लागतो? या वादात मला सर्वांत पटलेला प्रयोग गॅल११ चा. हे मीडिएटरच्या शेपटीतलं प्रथिन. त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं एक उत्परिवर्तन सापडलं. या बदलामुळे गॅल११ गॅल४ च्या अशा भागाला चिकटू लागलं जो एरवी फक्त जोडी जमवण्याच्या कामाचा. मग गॅल४ चा चालू करणारा भाग कापून टाकला तरी जनुक जोरात सुरू राहिलं. नुसती जवळीक पुरली.

सागा आणि टीएफटूडी ही एकाच कामाची दोन संकुलं का?

दोन्ही टीबीपीला जागेवर आणतात. टीएफटूडीत टीबीपी आणि त्याचे जोडीदार, टॅफ, असतात. सागा सुमारे १८ लाख डाल्टनचं, १९ प्रथिनांचं संकुल. त्याच्यात टीबीपी कायमचं नसतं, पण एसपीटी३ आणि एसपीटी८ त्याला धरू शकतात. शिवाय सागाचं जीसीएन५ हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, अॅसिटिल गट चढवतं आणि यूबीपी८ हिस्टोनवरचं युबिक्विटिन हे छोटं प्रथिन काढतं. काही टॅफ दोन्ही संकुलांत सामायिक आहेत.

जुन्या टिपणांत '९० टक्के जनुकं टीएफटूडीची, १० टक्के सागाची' अशी वाटणी दिसेल. २००४ च्या सुमाराला चित्र तसंच होतं. ते आता सुधारून घ्या. २०१७ मध्ये पेशीत नुकताच तयार झालेला आरएनए मोजला गेला, तेव्हा जवळजवळ सगळ्याच जनुकांना दोन्ही संकुलांचा हातभार लागतो असं दिसलं. आधीच्या मोजणीत ते का दिसलं नव्हतं? कारण प्रतिलेखन मंदावलं की यीस्ट आरएनए तोडण्याचा वेगही कमी करतं, त्यामुळे एकूण साठा फारसा घटत नाही. टाकीची पातळी पाहून नळाची धार ठरवण्यातला हा धोका आहे.

डीएनए तर हिस्टोनभोवती गुंडाळलेला असतो. मग ही संकुलं शिरतात कुठून?

१४७ अक्षरजोड्यांचा डीएनए आठ हिस्टोनांच्या गोळ्याभोवती पावणेदोन वेढे घेतो, तो न्यूक्लिओसोम. टाटा बॉक्स त्यात गुंडाळला गेला तर टीबीपीला तो पकडता येत नाही. हान आणि ग्रुनस्टाइन यांनी १९८८ मध्ये यीस्टमधला हिस्टोन एच४ चा पुरवठा तोडला, तर पीएचओ५ सारखी जनुकं काही इशारा नसताना सुरू झाली. म्हणजे गुंडाळी हाच एक मोठा ब्रेक आहे.

ब्रेक सैल करायला आरएससी आणि एसडब्ल्यूआय-एसएनएफ ही संकुलं असतात. दोघंही एटीपी जाळून न्यूक्लिओसोम सरकवतात किंवा उखडतात. आरएससी रोजच्या कामाचं, बहुतेक जनुकांच्या तोंडाशी मोकळी जागा राखणारं. दुसरं गरजेनुसार बोलावलं जाणारं.

या जनुकांची नावं एवढी विचित्र का?

कारण ती काम कळण्याच्या आधी पडली. एसएनएफ म्हणजे सुक्रोज आंबवू न शकणारी उत्परिवर्तनं, एसडब्ल्यूआय म्हणजे यीस्टचा मीलनप्रकार बदलू न शकणारी. दोन वेगळे गट दोन वेगळ्या गोष्टी शोधत होते आणि हाती एकच संकुल लागलं.

एसपीटीची गोष्ट मला फार आवडते. टाय नावाचा उडी मारणारा डीएनए हिस४ जनुकाच्या तोंडाशी घुसला की ते जनुक बिघडतं आणि हिस्टिडिनशिवाय यीस्ट वाढत नाही. फ्रेड विन्स्टन यांनी अशा यीस्टमध्ये दुसरं असं उत्परिवर्तन शोधलं की ज्याने ते पुन्हा वाढेल. अशी बरीच सापडली, त्यांना क्रमांक पडले. १९८९ मध्ये त्यातलं पंधरावं, एसपीटी१५, हे चक्क टीबीपीचं जनुक निघालं. तीन, सात, आठ आणि वीस हे क्रमांक पुढे सागाचे भाग ठरले. हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर उगवलेल्या मोजक्या वसाहती उचलून सगळ्या यंत्रणेचा गाभा हाती आला.

ही संकुलं प्रमोटरवर किती वेळ बसून राहतात?

आकृत्यांमुळे वाटतं की तासन्‌तास. जिवंत यीस्टमध्ये एकेक रेणू चमकवून पाहिल्यावर दिसलं की सुरुवातीच्या संकुलातले बरेच घटक काही सेकंदच टिकतात. टीबीपीला उठवण्यासाठी तर मॉट१ हे स्वतंत्र प्रथिन आहे, तेही एटीपी जाळून. बसवण्यासाठी एवढी यंत्रणा आणि उठवण्यासाठीही ऊर्जेचा खर्च! हे उधळेपणाचं वाटेल, पण पेशीचं मत बदलायला हाच मार्ग आहे. जे घट्ट बसून राहील, ते ग्लुकोज परत आल्यावर पटकन थांबवता येणार नाही.

याचा माणसाशी संबंध आहे का?

फार जवळचा. यीस्टचं टीबीपी सस्तन प्राण्यांच्या अर्कात काम करतं, हे १९८८ मध्येच दिसलं. एसएसएल२ चं मानवी भावंड एक्सपीबी. त्यात बिघाड झाला तर झेरोडर्मा पिगमेंटोजम हा सूर्यप्रकाश न सोसणारा आजार होऊ शकतो, कारण टीएफटूएच डीएनएच्या दुरुस्तीतही असतं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या बऱ्याच गाठींत मीडिएटरच्या मेड१२ मध्ये उत्परिवर्तन सापडतं. आणि गॅल४ तर स्वतःच प्रवासाला निघालं. १९९३ पासून फळमाशीत हव्या त्या पेशींत हवं ते जनुक चालवायला ते वापरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या माशांच्या बाटल्यांवरही गॅल४ ची लेबलं असतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही पाहता येईल का?

येईल. जनुकबदल केलेली जात वापरायची तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, म्हणून साध्या यीस्टवरचा प्रयोग सांगतो. बेकरीचं यीस्ट प्लेटवर पसरून एक वसाहत घ्या, ती ग्लुकोजमध्ये रात्रभर वाढवा, मग धुऊन थोडं ग्लुकोज आणि भरपूर गॅलॅक्टोज असलेल्या माध्यमात टाका. तापमान ३० अंश, फ्लास्क सतत हलता. दर अर्ध्या तासाने कलरीमीटरवर गढूळपणा मोजून आलेख काढा. दुसऱ्या फ्लास्कात तेवढंच ग्लुकोज, गॅलॅक्टोज नाही.

एक खबरदारी: एस२८८सी ही प्रसिद्ध प्रयोगशाळेतली जात आणू नका. तिच्यात गॅलॅक्टोज आत घेणारं गॅल२ बिघडलेलं आहे. आणि गॅलॅक्टोजच्या बाटलीवर ग्लुकोज किती मिसळलेलं आहे ते वाचून घ्या.

सुरुवातीला दोन्ही रेषा जोडीने चढतील. ग्लुकोज संपलं की दोन्ही आडव्या होतील, आणि इथे मुलं हमखास कंटाळून फ्लास्क धुवायला निघतात. त्यांना थांबवा. गॅलॅक्टोजच्या फ्लास्कात त्या वेळी एमआयजी१ बाहेर पडतंय, गॅल४ बनतंय, डीएनएवर जागा धरतंय, सागा आणि मीडिएटर येताहेत. चहा घेऊन या, मोजत राहा. आडवी रेषा काही तासांनी पुन्हा वर वळते, आणि ती ठळकपणे गॅलॅक्टोजच्याच फ्लास्कात वळते.